चाळीस ग्रॅमचा गोळा

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५. नॉटिंगहॅम. ढगाळ, वारा नाही. पावणेसहाला उठले. सव्वासातला रूपालीकडे पोचले. पोळ्या लाटल्या. आठ वाजून दहा मिनिटांनी निघालो. गाडीत चौघे: बहराम, रूपाली, नवीद, मी. नवीद एडिनबराला युनिव्हर्सिटीत चालला. दाराशी पाणी टाकलं नाही. बर्विकच्या अलीकडे ले-बायमध्ये, रस्त्याकडेच्या थांब्यावर, सव्वा तास थांबलो. नवीदची शुगर २.८. माझी चूक. पावणेचारला एडिनबरा.

त्या दिवसाची वहीतली नोंद एवढीच आहे. शाळेत नन्सनी लावलेली सवय: रोज पाच-सहा ओळी, घडलं तेवढंच. ‘माझी चूक’ या शब्दांपुढे मी काही लिहिलं नव्हतं, ते इथे लिहिते. पण ही गोष्ट रूपालीची आहे, आणि ती सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

रूपाली माझ्या चुलतभावाची मुलगी, कामठीची. वडील पोस्टात सॉर्टर. नागपूरला नर्सिंग करून ती २००३ साली इथल्या हॉस्पिटलात आली, आणि पहिले सहा आठवडे आमच्या मागच्या खोलीत राहिली. तेव्हा माझे यजमान, भीमराव, हयात होते. रूपाली बुटकी, भरभर चालणारी, बुटांच्या टाचा एका बाजूने झिजलेल्या. वॉर्डात दिवसभर इंग्रजी बोलायची, पण मोजायचं झालं की मनातल्या मनात मराठीत मोजायची. सलाईनचे थेंब, गोळ्या, जिन्याच्या पायऱ्या. ओठ हलताना दिसायचे. लोकांसमोर ती रडल्याचं मला आठवत नाही.

बहराम तिला हॉस्पिटलातच भेटला. बस डेपोत मेकॅनिक, बोट मशीनमध्ये चेंगरलेलं. इस्फहानजवळच्या एका गावचा. लग्न ठरल्याचं रूपालीनं घरी कळवलं तेव्हा तिच्या वडिलांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा, की इराणी म्हणजे हॉटेलवाले का? रूपाली म्हणाली, नाही, बसवाले. मग ते म्हणाले, बरं, सरकारी आहे ना. बहरामला हे अजून कोणी सांगितलं की तो पोट धरून हसतो. रजिस्ट्रारच्या ऑफिसात सही झाली आणि वंदना आमच्या बैठकीच्या खोलीत झाली. बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून बहरामनं त्रिशरण म्हटलं, फारसी अक्षरांत लिहून आणलेल्या कागदावरून. मला तो आत्याजान म्हणतो.

तो २००१ साली इथे आला, त्यानंतर एकदाही परत गेला नाही. का जाता येत नाही हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढंच ठाऊक आहे की निघताना त्याच्या आईनं त्याच्या गाडीमागे वाडगाभर पाणी टाकलं होतं. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. पाणी टाकलं की गेलेला माणूस पाण्यासारखा वाहत लवकर परत येतो. आई सहा वर्षांपूर्वी गेली. दफन त्यानं फोनवर पाहिलं, डेपोच्या कँटीनमध्ये उभं राहून.

नवीद त्यांचा एकुलता एक. फारसीत नवीद म्हणजे आनंदाची बातमी. सहा वर्षांचा असताना, जानेवारीत, त्याला सारखी तहान लागायला लागली. तो नळाला तोंड लावून पाणी प्यायचा, अंथरूण ओलं करायचा, मोजे सैल झाले म्हणायचा. रूपालीच्या सलग मोठ्या शिफ्ट होत्या. तिला वाटलं सर्दी आहे, शाळेत काही झालं असेल. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी सकाळी तो नीट जागा होईना आणि त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. तो वास कशाचा हे रूपालीला झटक्यात कळलं, पण तोवर इतका उशीर झाला होता की त्याला दोन दिवस आयसीयूत ठेवावं लागलं. टाइप वन डायबेटिस. जन्मभर इन्सुलिन.

आयसीयूच्या बाहेर ती मला म्हणाली, “आत्या, दुसऱ्या कोणाचं पोर असतं तर मी दारातच ओळखलं असतं.”

पर्समध्ये एक कोरी वही होती ती तिला दिली आणि म्हटलं, लिहीत जा. तिनं ती घेतली. आज त्या घरात अशा एकोणीस वह्या आहेत.

हा आजार ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जेवणात पिठाचा आणि साखरेचा जेवढा अंश जाणार, तेवढं इन्सुलिन आधी टोचून घ्यायचं. कमी पडलं तर साखर चढते. ते वाईट, पण सावकाश वाईट. जास्त झालं तर साखर उतरते, आणि उतरलेली साखर तासाभरात माणसाला बेशुद्ध करू शकते. म्हणून ताटात काय आहे ते अचूक माहीत हवं. पावाच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो. पोळीवर नसतो.

म्हणून रूपालीनं निळा प्लॅस्टिकचा वजनकाटा आणला. कणकेचा गोळा चाळीस ग्रॅमचा, त्यात अठरा ग्रॅम कार्ब, म्हणजे तो पिठा-साखरेचा अंश. लाटायच्या आधी प्रत्येक गोळा काट्यावर. पाहुणे आले तरी तेच. माझ्यासमोरही चाळीस ग्रॅमच्याच पोळ्या यायच्या. बहराम म्हणायचा, आमच्या गावात रोटी हाताच्या लांबीवर मोजतात, माझी बायको सोनारासारखी तोलते. नवीदला जेवणात चोपन्न ग्रॅम जमायचे, म्हणजे तीन पोळ्या.

तीन. आपल्याकडे ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत. दोन वाढतात, चार वाढतात, तीनच द्यायच्या असल्या तर एकीचा तुकडा मोडून बाजूला ठेवतात. रूपालीनं ते सगळं सोडून दिलं होतं. मीही असलं काही मानत नाही, निदान तसं सगळ्यांना सांगत आले. तरी तिच्याकडे जेवताना नवीदच्या ताटाकडे माझी नजर गेली की मी ती आमटीकडे वळवायची.

पुढे दंडावर लावायचा सेन्सर आला. साखरेचा आकडा दर पाच मिनिटांनी नवीदच्या फोनवर, आणि तिथून रूपालीच्या फोनवर. एक रेघ वर-खाली होत जाते. इथल्या मापातले चार म्हणजे भारतातले बहात्तर; त्याच्या खाली गेली की फोन ओरडतो. रूपाली त्या रेघेवर जगली म्हटलं तरी चालेल. स्वयंपाक करताना फोन खिडकीच्या कट्ट्यावर उभा. बसमध्ये, दुकानाच्या रांगेत, वॉर्डाच्या ब्रेकमध्ये फोन हातात. आणि रोज सकाळी, रेघ सरळ दिसत असली तरी, त्याच्या खोलीचं दार उघडून ती आधी पांघरूण हलतंय का ते पाहायची. अठरा वर्षांच्या मुलाचंसुद्धा. पांघरूण हललं की मग चहा.

एडिनबराचं नाव निघालं तेव्हा ती विरोधात नव्हती. फॉर्म तिनंच तपासले. पण उन्हाळ्यात तिचं वजन उतरत गेलं. एकदा मला म्हणाली, तिथे सकाळी दार कोण उघडणार.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नवीदनं फोनवरचं ते शेअरिंग बंद केलं. तिला समोर बसवून, सांगून. तू वॉर्डात काम करताना दर मिनिटाला माझी रेघ बघतेस, मला ते पाठीवर कोणी उभं असल्यासारखं वाटतं, मी अठरा वर्षांचा झालो, माझं मला करू दे, असं म्हणाला. शनिवारी सकाळी हे रूपालीनं मला सांगितलं, माझ्याकडे पाठ करून, कणकेवरचं फडकं सारखं करत. तिनं त्याला हो म्हटलं होतं. मग वर जाऊन त्याच्या बॅगेत ग्लुकोजच्या गोळ्यांच्या आणखी चार डब्या कोंबल्या होत्या.

कणीक तिनं मळून ठेवली होती. गोळे तोलून, तेल लावून, दोन ताटल्यांत. एका ताटलीत सहा, आम्हा तिघांचे. दुसरीत तीन, नवीदचे. मला लाटायला सांगून ती वर गेली, त्याची रजई पिशवीत शिरत नव्हती.

सहा पोळ्या झाल्या. मग ती दुसरी ताटली पुढे घेतली आणि माझा हात थांबला. पोरगं घर सोडून निघालंय आणि त्याच्या डब्यात तीन पोळ्या. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी लाटल्या असत्या. मी ते तीन गोळे एकत्र केले आणि त्यांचे चार केले. कणीक तेवढीच, पोट तेच, कुठे काय बिघडतं, असं मनाशी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. चार पोळ्या फॉइलमध्ये बांधून त्यावर त्याचं नाव लिहिलं. नवीद कणीक मोजत नाही, पोळ्या मोजतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

सामान भरून झालं. रूपाली दारात आली ती हातात काचेचा वाडगा घेऊन, पाण्यानं भरलेला. बहरामनं बॉनेट बंद केलं, तिच्याकडे आला आणि वाडगा तिच्या हातातून घेतला. ते पाणी त्यानं दाराजवळच्या टोमॅटोच्या कुंडीत ओतलं.

“बाबा, रस्त्यावर टाकायचं असतं ना?” नवीद म्हणाला.

“माझ्यामागे टाकलं होतं,” बहराम म्हणाला, आणि गाडीत बसला.

मागच्या सीटवर रूपाली आणि मी, मध्ये रजई आणि तांदळाची पिशवी, पायाशी तो निळा काटा एका टॉवेलात गुंडाळलेला. रूपालीचा फोन मांडीवर उपडा होता. मधूनच ती तो उलटा करायची, पाहायची, पुन्हा उपडा ठेवायची. एकदा मी तिरक्या नजरेनं पाहिलं. रेघेच्या जागी करडा पडदा होता, आणि त्यावर माहिती उपलब्ध नाही अशी ओळ. ती तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

न्यूकॅसल ओलांडल्यावर, पावणेबाराला, एका सर्व्हिसेसमध्ये, हायवेवरच्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर, डबे उघडले. बाहेरच्या बाकावर बसलो. फरसबीची भाजी, उकडलेली अंडी, पोळ्या. नवीदनं त्याच्या मोडक्या मराठीत मला विचारलं, “आजी, माझा पोळी किती आहे?”

“चार,” मी म्हटलं.

“वा, आज प्रमोशन,” तो म्हणाला, फोनवर आकडा टाकला, शर्ट वर करून पोटाला इन्सुलिनचं पेन लावलं. रूपाली तेव्हा कागदी ग्लास आणायला आत गेली होती. ती परत आली तोवर त्याच्या दोन पोळ्या संपल्या होत्या.

जुलैमध्ये त्यानं ड्रायव्हिंग टेस्ट पास केली होती आणि शेवटचा टप्पा तू चालव असं बहरामनं कबूल केलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना गाडी चालवण्याआधी साखर पाहावी लागते, पाचच्या वर हवी. त्यानं सेन्सर पाहिला, आम्हाला दाखवला. सात पूर्णांक एक. सगळं नियमाप्रमाणे. मग फोन डॅशबोर्डवर लावला, रस्ता दाखवायला. आवाज बंद केला, कारण ती नकाशातली बाई आपल्याला मध्येच तोडते असं त्याचं म्हणणं होतं. रूपाली त्याच्या मागे बसली.

ॲनिकच्या पुढे तो रस्ता बराचसा दुपदरी आहे, मध्ये दुभाजक नाही. समोरून लॉऱ्या येतात आणि जाताना गाडी हलते. उजव्या हाताला मधूनच समुद्र दिसतो. पहिला अर्धा तास नवीद गुणगुणत होता. बहराम अधूनमधून अंतर ठेव म्हणायचा, नवीद हो बाबा म्हणायचा. मग एक ट्रॅक्टर ओलांडण्यासाठी त्यानं इंडिकेटर दिला, ओलांडला आणि आपल्या बाजूला आला.

इंडिकेटर चालूच राहिला. टिक, टिक, टिक. नवीद असल्या गोष्टींत काटेकोर. बाप विसरला तर तो टोकतो. मला वाटलं आत्ता बंद करेल. एक वळण गेलं, एक पूल गेला. गुणगुणणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. मी रूपालीकडे पाहिलं. ती त्याच्या मानेकडे पाहत होती. केसांच्या खाली, कॉलरच्या वर, मान ओली चमकत होती, आणि गाडीत उकाडा नव्हता.

समोरून एक लॉरी येत होती. आमची गाडी मधल्या पांढऱ्या रेघेकडे सरकली, पुन्हा आत आली. बहराम म्हणाला, नवीद, नीट. नवीद म्हणाला, मी नीटच आहे, सगळे गप्प बसा ना. हा त्याचा आवाज नव्हता. साखर उतरली की तो असा होतो, हट्टी आणि चिडका. ‘तुझी शुगर लो आहे’ म्हटलं की आणखी भडकतो, नाही म्हणतो, लहानपणी ज्यूसचा ग्लास भिरकावून द्यायचा. हे रूपालीला माझ्याहून हजारपट ठाऊक. ओरडावं तर तो दचकेल. बहरामनं स्टीअरिंगला हात घातला तर तो झटापट करेल. पुढे पुन्हा लॉऱ्या, दोन, एकामागे एक.

रूपाली पुढे झुकली. वॉर्डात पेशंटला उठवताना बोलतात तशा आवाजात म्हणाली, “नवी, मला उलटी होतेय रे. पुढे ले-बाय आहे बघ. तिथे घे.”

गाडी होती त्याच वेगात चालत राहिली.

“डावीकडे, राजा. ब्रेक हळू. मला उलटी होतेय.”

दोन्ही लॉऱ्या गेल्या. गाडी हलली. मग तिचा वेग कमी झाला आणि ती ले-बायमध्ये वाकडी शिरली, एक चाक गवतात. थांबताक्षणी रूपालीनं दोन सीटमधून हात घालून किल्ली काढून घेतली. ज्यूसचा डबा तिच्या हातात कधीचा होता. स्ट्रॉ टोचलेला. दार उघडून ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि स्ट्रॉ त्याच्या ओठांना लावला. त्यानं तोंड फिरवलं. तिनं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तो ओढायला लागला. फोनवर आकडा होता २.८, आणि बाण सरळ खाली.

पंधरा मिनिटं थांबायचं असतं. तिचे ओठ हलत होते. मी ऐकलं तेव्हा ती चारशे अकरावर होती. बहराम रस्त्याच्या कडेला आमच्याकडे पाठ करून उभा होता. प्रत्येक लॉरीबरोबर त्याचं जाकीट फुगायचं. मी गाडीतच बसून राहिले. दुसरा ज्यूस. ३.१. मग ३.९. मग पाच. नवीदच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्यानं आजूबाजूला असं पाहिलं जसं त्याला कोणी इथे आणून ठेवलं होतं.

“आई, तुला उलटी होत होती ना?”

“गेली,” रूपाली म्हणाली.

मग हिशोब सुरू झाला. त्यानं काही चुकवलं नव्हतं, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता, जवळजवळ रडत. फोन पुढे केला. बहात्तर ग्रॅम, त्याचं इन्सुलिन. बहात्तर कशाचे, रूपालीनं विचारलं, तीन पोळ्यांचे चोपन्न होतात. तीन नाही, चार होता, तो म्हणाला. मी तीनच गोळे ठेवले होते, ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. तीनचे चार केले, का केले, सगळं. समुद्राकडून वारा सुटला होता, मला ते दोनदा सांगावं लागलं.

रूपालीनं ज्यूसचे रिकामे डबे पिशवीत भरले. मग म्हणाली, “आत्या, बावीस प्रतिज्ञा मला तुम्ही पाठ करून घेतल्या होत्या.”

त्यात राग होता की नव्हता हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नवीद म्हणाला, आजी, मी पोळीकडे बघितलं पण नाही, ती छोटी होती, मला दिसलं पाहिजे होतं. माझी चूक तो स्वतःवर घ्यायला निघाला. ते मला सर्वांत जड गेलं.

तेवढ्यात बहराम परत आला. तो रूपालीशी इंग्रजीत बोलला, हळू. पुढच्या राउंडअबाउटवरून आपण परत फिरू या. एक वर्ष थांबेल, नॉटिंगहॅममध्येच शिकेल, तिथे काय युनिव्हर्सिटी नाहीत का. मी एक घर सोडलं, ते पुरे झालं. नवीद मान खाली घालून बसला होता. त्यानं वाद घातला नाही. मला वाटतं त्या क्षणी रूपालीनंही परत चल म्हटलं असतं तर तो निमूट आला असता. उलट त्यानं फोन रूपालीपुढे धरला आणि म्हणाला, “घे. शेअरिंग चालू कर. तुला पाहिजे ना.”

तिला पाहिजे होतं. कालपासून दुसरं काही नको होतं तिला. फोन तिच्या हाताशी होता, बोटभर अंतरावर, आणि तिचा हात उचलला गेलेलाही मी पाहिला.

“आत्ता नाही,” ती म्हणाली. “आत्ता तू घाबरलायस, मी घाबरलेय. असं घाबरून दिलेलं मला नको. तिथे पोच, खोली लाव, मग तुझं तू ठरव.” मग बहरामकडे वळली. “त्याला घरातच लो आलं असतं तर तू त्याला कुठे परत नेलं असतंस? चूक आपल्या पोळीची आहे. एडिनबराची नाही.”

बहरामनं किल्लीसाठी हात पुढे केला. अशा वेळी साखर जागेवर आल्यावरही पाऊण तास गाडी चालवायची नसते, पण नवीदनं त्या दिवशी पुन्हा चालवायचं नावच काढलं नाही. तरी आम्ही तिथेच बसून राहिलो, त्याची रेघ सरळ होईपर्यंत. निघालो तेव्हा सव्वा तास झाला होता. राउंडअबाउट आला. बहरामनं त्याला एक पूर्ण फेरा मारला, नॉटिंगहॅमचा रस्ता जाऊ दिला आणि पुन्हा उत्तरेला लागला. पुढचा तासभर रूपालीचा हात पुढच्या सीटवर, नवीदच्या खांद्याला लागून होता. तो तिनं काढला नाही, त्यानं झटकला नाही.

एडिनबराच्या होस्टेलात पाच मुलांना मिळून एक स्वयंपाकघर. रूपालीनं कपाटातला त्याचा कप्पा पुसून काढला. डाळ, तांदूळ, कणीक लावली. मग टॉवेलातून निळा काटा काढला, कट्ट्यावर ठेवला आणि त्याला म्हणाली, मळ. तिथल्या तिथे त्यानं कणीक मळली, अर्धी पातळ, अर्धी घट्ट, आणि गोळे केले. बेचाळीस. अडतीस. एक्केचाळीस. चाळीस. तो चाळीसचा गोळा त्यानं मला आणून दाखवला. खोली पाहायला आलेला शेजारच्या खोलीतला मुलगा दारात थांबला, तेव्हा रूपालीनं त्याला ज्यूस कुठे आहे, बेशुद्ध झाला तर द्यायचं ग्लुकागॉनचं इंजेक्शन कुठे आहे आणि ॲम्ब्युलन्ससाठी नाइन-नाइन-नाइनला फोन कधी लावायचा ते सांगितलं. त्यानं सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. ती जाता जाता त्याला म्हणाली, सकाळी दहापर्यंत हा दिसला नाही तर दार वाजव. मग नवीदकडे पाहून म्हणाली, एवढं तर मी बोलणारच.

आम्ही रात्री जवळच्या एका स्वस्त हॉटेलात राहिलो आणि रविवारी सकाळी निरोप घ्यायला गेलो. दहा वाजले नव्हते. तो स्वतः खाली उतरून आला, केस ओले. रूपालीनं त्याला पाहिलं आणि तिचे खांदे इंचभर खाली आले. बहरामनं त्याला छातीशी धरलं, खूप वेळ. मला तो म्हणाला, “आजी, तू तीन पोळी खा, काही नाही होत.”

गाडी सुरू झाली. बहराम आरशात पाहत होता. मग त्यानं ब्रेक दाबला. मी मान वळवून पाहिलं. नवीद रस्त्याच्या मधोमध उभा होता, हातात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, आणि आम्ही सोडलेल्या जागेवर ती उलटी करून ओतत होता. सगळी. राहणारा तो, जाणारे आम्ही, तेव्हा पाणी त्यानंच टाकायचं, इतका साधा विचार त्यानं केला असावा. बाटली रिकामी होईपर्यंत बहराम आरशात पाहत राहिला, मग त्यानं गिअर टाकला.

बर्विकचा ले-बाय उलट दिशेला दिसला तेव्हा रूपालीनं डोळे मिटून घेतले. डरहॅमच्या आसपास तिचा फोन वाजला. नवीदचा निरोप होता. चारच्या खाली गेलं तर तुला कळेल, बाकी रेघ माझी. मान्य कर, असं बटण. तिनं ते दाबलं, फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. मग दर दहा मिनिटांनी ती पर्सवर हात ठेवायची, आवाज दबला तर नाही ना म्हणून. तिची भीती काही गेलेली नाही. माझीही नाही. हे लिहितानासुद्धा मला तो इंडिकेटर ऐकू येतो.

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. चारला नॉटिंगहॅम. हलका पाऊस. रूपालीच्या फोनवर आवाज नाही. जेवायला त्यांच्याकडेच थांबले. वजनकाटा एडिनबराला राहिला. रूपालीनं पोळ्या अंदाजानं केल्या, सात झाल्या, एक उरली.